शाळेचे संडास आणि वंदनाताई

परवा इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला, लेकाच्या शाळेत पालकसभा होती. मुख्याध्यापिका अगदी मधाळ आवाजात म्हणाल्या, वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचं काम यंदाच्या बजेटमध्ये बसलं नाही, ते पुढच्या वर्षावर ढकललंय. सगळ्या आयांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. आणि मला एकदम वंदनाताई मेश्राम आठवल्या. त्या तिथे असत्या ना, तर बाईंची काही धडगत नव्हती.

नवऱ्याची, मंदारची, नोकरी इकडे गाड्यांच्या कारखान्यात लागायच्या आधी आम्ही गार्चिंगच्या पलीकडे राहायचो. म्युनिकची यू-बान, म्हणजे मेट्रो, जिथे संपते तिथून पुढे बसने जायचं, असं छोटं गाव. एक चर्च, एक बेकरी, एक प्राथमिक शाळा, आणि हँडबॉलचं प्रचंड वेड. वंदनाताई आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये. मूळच्या नागपूरच्या, गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत धातूंवर काम करायच्या. बुटक्या, ठसठशीत, केस कायम क्लिपमध्ये वर बांधलेले. त्यांची मुलगी संघमित्रा, घरात सगळे तिला मित्रा म्हणायचे, आणि माझा रोहन एकाच वर्गात. त्यामुळे ओळख झाली, आणि एकदा ओळख झाली की वंदनाताईंकडून जेवल्याशिवाय सुटका नसे.

आग्रह करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आपण पुण्याचे, आपल्याला 'घ्या ना' एकदा म्हणायची सवय. त्या ताटावर आडवा धरलेला हात बाजूला करून वाढायच्या. "पातळ झाला का रस्सा? नाही ना? मग घे की बापा!"

पण हे झालं त्यांचं एक अंग. दुसरं अंग असं, की ह्या बाईंच्या तोंडात 'जाऊ दे' हा शब्दच नव्हता. आपण रोज दहा गोष्टी जाऊ देतो. बसवाल्याने तोंडावर दार बंद केलं, जाऊ दे. शेजारीण बोलली नाही, जाऊ दे. परदेशात राहायचं तर तेवढं करावंच लागतं, नाहीतर डोकं फिरायचं. वंदनाताईंचं मत बरोबर उलटं. त्या म्हणायच्या, "एकदा जाऊ दिलं की तो माणूस परत येतो. आणि येताना चारजणांना घेऊन येतो."

त्यांच्या शेजारच्या आजीबाईंनी एकदा त्यांच्या दाराला चिठ्ठी लावली होती, तुमच्या स्वयंपाकाचा वास आमच्या बाल्कनीत येतो म्हणून. वंदनाताईंनी भांडण केलं नाही. त्यांनी बिल्डिंगची नियमावली काढून शांतपणे वाचली. त्यात लिहिलं होतं की भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून प्रत्येक भाडेकरूने दिवसातून अनेकदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवलीच पाहिजे. झालं! त्या दिवसापासून वंदनाताईंची हवा खेळवायची वेळ आणि सुकट भाजायची वेळ एकच. खिडकी सताड, बाजूलाच आजीबाईंची बाल्कनी. "नियमातच आहे जी," असं मला डोळे मिचकावून सांगायच्या. पुढे त्याच आजीबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांना सूप नेऊन देणाऱ्याही ह्याच. पण खिडकी काही बंद केली नाही.

रविवारी कधीकधी म्युनिकच्या भाड्याच्या हॉलमध्ये त्यांची बौद्ध मंडळी जमायची. बुद्धवंदना व्हायची, मग एकत्र जेवण. तिथले एक काका त्यांना फार समजावायचे, मुली, मनात मैत्रीभावना ठेवावी. ह्या नम्रपणे हात जोडून म्हणायच्या, "काका, मी द्वेष नाही करत कुणाचा. मी फक्त विसरत नाही." हे धादांत खोटं होतं. द्वेष करायच्या त्या. अगदी मनापासून, वरणभातासारखा रोजचा.

तर आता हेर, म्हणजे श्रीयुत, ग्रोसमायर.

हा माणूस गावच्या नगरपरिषदेत बजेटचं सगळं पाहायचा, आणि हँडबॉल क्लबचा अध्यक्षही तोच. उंच, गुलाबी, बोलायला गोड. गावाला नवा मोठा क्रीडा हॉल हवा हे त्याचं स्वप्न. आणि आमच्या शाळेचे संडास ही त्याच्या स्वप्नातली अडचण. दर हिवाळ्यात परिषदेत बजेट मंजूर व्हायचं आणि दर हिवाळ्यात शाळेची दुरुस्ती पुढच्या वर्षावर जायची. हॉलच्या आराखड्यासाठी मात्र दरवेळी पैसे निघायचे.

ते संडास तुम्ही पाहिलेले नाहीत म्हणून सांगते. दारांना कड्या नाहीत. साबण नाही. वास असा की कोपऱ्यावरून कळावं शाळा आली. मुलं दिवसभर पाणीच प्यायची नाहीत, जायला लागू नये म्हणून. जर्मनीत, हो! जिथे कचऱ्याचे चार डबे चुकले तर लोक पोलिसासारखे मागे लागतात, तिथे. संघमित्राला दाबून धरून धरून इन्फेक्शन झालं, ताप चढला, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं.

ती बरी झाल्यावर वंदनाताई परिषदेच्या बजेटच्या बैठकीला गेल्या. मीही गेले होते सोबत. सुरुवातीला नागरिकांना प्रश्न विचारता येतात. ह्या उभ्या राहिल्या. जर्मन त्यांचं उत्तम, उच्चारात थोडं नागपूर. मुलीचा ताप सांगितला, कड्या सांगितल्या, साबण सांगितला, आणि विचारलं की यंदा तरी दुरुस्ती होणार का.

ग्रोसमायर खुर्चीत मागे रेलला. म्हणाला, "आल्झो, असं बघा, आमच्या कानावर असं आलंय की तिथली जमीन सारखी ओली असते, कारण काही मुलं घरून पाण्याची बाटली घेऊन आत जातात. आधी सगळे कागद वापरायला शिकूया. मग दुरुस्तीचं बोलू."

लोक हसले. सगळे नाही, पण हसले. महापौर खाली कागद बघत बसले.

बाटली मित्राची होती. आपल्याकडे पाणी घेतात, ह्यात लपवायचं काय? वंदनाताईंनीच तिला दप्तरात छोटी बाटली दिलेली. शाळेच्या केअरटेकरने कुठेतरी बोलून दाखवलं असणार आणि ह्या नालायकाने ते भर सभेत नऊ वर्षांच्या पोरीच्या नावावर मांडलं. नाव घेतलं नाही म्हणे! गावात भारतीय पोरगी त्या शाळेत एकच होती. मला अजून संताप येतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी ती बाटली चेंडूसारखी एकमेकांकडे फेकली. मित्राने बाटली कचऱ्यात टाकली आणि घरी येऊन आईला जर्मनमध्ये सांगितलं की मी आता शाळेत पाणी पिणार नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. ही मुलं मराठी कळूनही जर्मनमध्येच उत्तर देतात ना, तसं. महिन्याभरात तिला पुन्हा ताप आला.

त्या दिवशी वंदनाताई मला बसस्टॉपवर भेटल्या. डोळे कोरडे. "हा माणूस माझ्या पोरीला हसला," म्हणाल्या. "आता ह्याचा हॉल मी होऊ देत नाही. आधी संडास. आणि ते संडास ह्याच्याच हातून मंजूर करून घेतो की नाही बघ." रागावल्या की त्या 'घेतो', 'करतो' असं बोलायच्या.

बव्हेरियात अशी सोय आहे, की पुरेशा मतदारांनी सह्या दिल्या तर परिषदेचा निर्णय बाजूला ठेवून गावाचं थेट मतदान घ्यावं लागतं. वंदनाताईंनी मागणी लिहिली: आधी शाळा, मग हॉल. सह्यांचे कागद घेऊन त्या थेट आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आल्या. काय उत्साह होता सांगू! चकलीचं ताट आणि सह्यांचे कागद बरोबरच फिरत होते. आसपासच्या गावांतलेसुद्धा सगळे सॉफ्टवेअरवाले, सगळे पीएचडीवाले, मेकॅनिकलवाले, वाकून वाकून सह्या. मंदारने तर इंजिनीयरची लफ्फेदार सही ठोकली. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी पण केली. टूरिस्ट व्हिसावर! "मुलांच्या संडासासाठी आहे ना गं, मग दे इकडे," म्हणाल्या. आपलं सगळ्यांचं गणित सोपं: टॅक्स भरतो, पत्ता नोंदलेला आहे, मग सही का नको?

राटहाउसने, म्हणजे नगरपालिकेच्या ऑफिसने, सगळे कागद तपासले आणि आमच्या सह्या खोडल्या. सरसकट. जर्मन किंवा युरोपियन नागरिक नसेल तर सही चालत नाही, मतही नाही. उरलेल्या सह्या कमी पडल्या आणि मागणी फेटाळली गेली. ग्रोसमायर गावच्या पेपरला म्हणाला, शाळेचा संडास हा आता परराष्ट्र धोरणाचा विषय झालेला दिसतो.

तो पेपर घेऊन वंदनाताई माझ्या स्वयंपाकघरात आल्या. मी म्हटलं, "ताई, आपलं मतच नाही इथे. काय करणार?"

"मत नाही तर आणतो," म्हणाल्या.

मला वाटलं रागाच्या भरात बोलतायत. पुढच्या आठवड्यात त्यांनी जर्मन नागरिकत्वाचा अर्ज टाकला. पात्र तर त्या कधीच्याच होत्या. आत्तापर्यंत नुसतं 'बघू' चाललं होतं, कारण जर्मनी म्हणतं दोन्ही ठेवा, पण आपला देश म्हणतो एकच. जर्मन पासपोर्ट आला की निळा पासपोर्ट परत. मग नागपूरला आईवडिलांकडे जायचं तर व्हिसा काढून, परक्यासारखं.

त्यांचे वडील रिटायर्ड हेडमास्तर. दर निवडणुकीला कडक इस्त्रीचा सदरा घालून सकाळी सकाळी रांगेत पहिले उभे राहणारे. त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा मी तिथेच बसले होते, मित्रा आणि रोहन आत खेळत होते.

"एका संडासासाठी देश सोडतेस, वंदू?" बाबा म्हणाले. स्पीकर चालू होता.

"संडासासाठी नाही बाबा. त्या माणसासाठी."

"सूडापायी?"

"हाव, बाबा."

मग बाबा म्हणाले, "मग नीट कर. अर्धवट करू नको." फोन ठेवल्यावर मात्र वंदनाताई रडल्या. ओट्याकडे तोंड करून, नळ चालू ठेवून. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाल्या, "हे पण त्याच्याच नावावर लिहून ठेवते."

नवऱ्याने विचारलं, मीही अर्ज करू का. "तुमचा राहू द्या," म्हणाल्या. "घरात एक तरी असू दे."

अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्या गप्प बसतील असं वाटलं असेल तर तुम्ही त्यांना ओळखलंच नाही. उन्हाळ्यात शाळेचा वार्षिक मेळा असतो. पालकांनी केक आणायचे, बिअर, सॉसेज, मुलांची नाचगाणी, आणि परिषदेची सगळी मंडळी पहिल्या रांगेत. पालक समितीत वंदनाताईंनी स्वतःहून मागून घेतलं पेयांचं काम. कुणालाच नको असतं ते, सगळे खूश झाले.

मेळ्याला पाहुण्यांसाठी शिक्षकांचा संडास उघडा ठेवतात. स्वच्छ, कडीवाला. त्या वर्षी त्याच पॅसेजमध्ये जास्तीची लाकडी बाकं एकावर एक रचून ठेवलेली होती, पार छतापर्यंत. कुणी रचली? मी नाव घेत नाही. पण वंदनाताईंच्या हाताला दोन दिवस बँडेज होतं.

आणि मग सुरू झाला आग्रह. अहो काय सांगू! ताक, कोकम सरबत, कलिंगडाच्या फोडी, बिअर तर होतीच. जर्मन माणसाला आग्रह माहीतच नसतो. तो एकदा 'नाइन, डांके' म्हणतो आणि त्याच्या जगात विषय तिथे संपतो. वंदनाताई तिथून सुरुवात करायच्या. "नाही कसं? मी स्वतः घुसळलंय. अर्धा तरी. माझ्यासाठी!" तिसऱ्यांदा नाही म्हणायचं त्या बिचाऱ्यांना शिकवलेलंच नसतं. हँडबॉलच्या आया, बेकरीवाली, फायर ब्रिगेडचे आजोबा, सगळे ग्लासावर ग्लास. ग्रोसमायरच्या खुर्चीशी तर त्या स्वतः जग घेऊन उभ्या. त्याला वाटलं, बाई वरमली, समेट करतेय. हसून हसून प्यायला बेटा.

तासाभराने रांग लागली. मुलांच्या संडासाबाहेर, दुसरी जागाच नव्हती. बेकरीवाली आत जाऊन तशीच बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, "इथे आपली मुलं जातात?" फायर ब्रिगेडच्या आजोबांनी आतून दार पायाने धरून ठेवलं. मग गेला ग्रोसमायर. त्याचं दार कुठल्यातरी पोराने ढकललंच, कडी नव्हती ना. आतून ओरडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा शर्ट निम्मा बाहेर, बूट ओले, चेहरा लाललाल.

वंदनाताई समोर उभ्या. हातात भरलेली बाटली. अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हेर ग्रोसमायर, आत कागद नव्हता ना? मला वाटलंच. घ्या."

कुणी हसलं नाही आधी. मग बेकरीवाली हसली, आणि मग सगळं गाव. ह्या वेळचं हसू त्याच्यावर होतं. मी वंदनाताईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या, तो मान खाली घालून पार्किंगकडे जाईपर्यंत.

दुसऱ्या वेळेस सह्या गोळा केल्या त्या बेकरीच्या काउंटरवर. सगळ्या जर्मन, काही इटालियन, एक पोलिश कुटुंब. आमच्या सह्या कुणी मागितल्या नाहीत. आम्ही फक्त छत्र्या धरल्या आणि पोहे पुरवले. सह्या पुरल्या आणि मतदान जाहीर झालं. तोवर मित्रा चौथी संपवून गिम्नाझियमला, म्हणजे पाचवीपासूनच्या मोठ्या शाळेत, गेली होती. तिथले संडास चकाचक. मी वंदनाताईंना म्हटलंसुद्धा, आता तुमचा काय संबंध? "मित्राचा नाही," म्हणाल्या. "माझा आहे."

मतदानाच्या थोडंच आधी त्यांचं नागरिकत्वाचं पत्र आलं. मग भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन निळा पासपोर्ट देऊन आल्या.

मतदान शाळेच्याच जिममध्ये होतं. जर्मनीत मतदान केंद्रावर गावातलीच माणसं काम करतात, आणि आमच्या केंद्राचा प्रमुख कोण, तर ग्रोसमायर. दर वेळी तोच असायचा, ह्या वेळीही कुणी बदलला नाही. मला मत नव्हतं, मी दाराशी उभी राहून बघत होते. इथे पेटीच्या फटीवर केंद्रप्रमुख जाड कागद धरून ठेवतो. मतदाराचं नाव यादीत तपासलं की मगच कागद उचलतो, आणि मग मत आत जातं.

वंदनाताई पडद्यामागून चिठ्ठी घडी करून आल्या. नवंकोरं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. बाजूच्या बाईने यादीत नाव शोधून खूण केली. ग्रोसमायरने कागदावरचा हात उचलला नाही. हळूच म्हणाला, "फक्त ह्यासाठी तुम्ही जर्मन झालात?"

"या. गेनाऊ दाफ्यूर," वंदनाताई म्हणाल्या. हो, अगदी ह्यासाठीच.

मागे रांग होती. त्याला कागद उचलावा लागला. त्यांनी चिठ्ठी फटीत धरली, पण सोडली नाही. त्याच्याकडे बघत राहिल्या. तो हात वर धरून उभा. मग सोडली.

संध्याकाळी मतमोजणी सगळ्यांसमोर होते, कुणीही बसू शकतं. वंदनाताई पहिल्या रांगेत, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, मांडीवर डबा. मीही शेजारी बसले. ग्रोसमायर एकेक चिठ्ठी उघडून दोन ढीग करत होता, आणि शाळेचा ढीग त्याच्या स्वतःच्या हाताखाली वाढत चाललेला सगळ्या जिमला दिसत होता. शेवटी त्याने उभं राहून आकडे वाचले. शाळा जिंकली होती, आमच्या केंद्रावर आणि पुढच्या तासात कळलं, अख्ख्या गावात. पण त्याने वाचलं ते अगदी पुटपुटत, कागदात तोंड घालून.

"लाउटर, बिटे," वंदनाताई म्हणाल्या. मोठ्याने, प्लीज.

त्याने वर पाहिलं. त्याने पुन्हा वाचलं, मोठ्याने, शेवटच्या आकड्यापर्यंत. वंदनाताई डबा उघडून खाऊ लागल्या.

त्याच महिन्यात आम्ही वोल्फ्सबुर्गला आलो. त्यामुळे वंदनाताई माझ्या डोळ्यांसमोर राहिल्यात त्याच संध्याकाळच्या. शाळेच्या पार्किंगमध्ये आम्ही उभ्या होतो, गार वारा सुटला होता, त्या पर्समध्ये किल्ली शोधत होत्या. मी म्हटलं, "छान वाटत असेल ना?"

"लई," त्या म्हणाल्या. "लोक काय काय सांगतात, सूडानं समाधान होत नाही म्हणून. झोपेत बोलतात लोक. माझं पोट भरलंय बघ."

"चला, मिटलं मग. आता सोडा त्या माणसाला."

किल्ली सापडली. दार उघडता उघडता त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी फारच बावळट बोलले होते.

"काऊन सोडू? मार्चमध्ये परिषदेची निवडणूक आहे, आणि तो उभा राहतोय," वंदनाताई म्हणाल्या. "मी पण राहतोय."